पॉवर सप्लायसाठी पत्र्याचं कॅबिनेट घरी वाकवायचंय, मापं चुकतायत

सोल्डर_सांगली

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत बेंच पॉवर सप्लाय बनवला. एलएम ७२३ ही रेग्युलेटर आयसी, त्याच्यामागे जोडीने दोन २एन३०५५ पॉवर ट्रान्झिस्टर, २४ व्होल्ट ५ अँपिअरचा साधा ईआय (चौकोनी पत्र्यांच्या गाभ्याचा) ट्रान्सफॉर्मर. २ ते २० व्होल्ट, ३ अँपिअरपर्यंत. सर्किट उत्तम चालतं, पण सगळं प्लायच्या फळीवर उघडं आहे. गेल्या आठवड्यात आईने केर काढताना फळी बाजूला सरकवली. सप्लाय चालू होता आणि तिचा अंगठा २३० व्होल्टच्या टर्मिनलपासून दोन बोटांवर होता. मी दारातून बघत होतो. त्या दिवसापासून प्लग लावलेला नाही, आणि कॅबिनेट झाल्याशिवाय लावणारही नाही.

प्लास्टिकचा डबा नको, कारण ट्रान्सफॉर्मर जड आहे आणि ट्रान्झिस्टर चांगलेच तापतात. दुकानात १८ गेजचा सीआरसी (थंड लाटलेला पोलादी) पत्रा तुकड्यात मिळाला, १.२ मिमीचा. एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो होतो, एकच नग म्हटल्यावर त्याने काम घेतलं नाही.

मग स्वतःच केलं. डबा बाहेरून २४० मिमी रुंद, २०० खोल, १०० उंच असा ठरवला. पुढची बाजू, बूड आणि मागची बाजू एकाच पत्र्यातून, इंग्रजी यू सारखी. म्हणून लांबी १०० अधिक २०० अधिक १००, अशी ४०० मिमी कापली. दोन्ही टोकांपासून १०० वर रेघा मारल्या, दोन सागवानी फळ्यांत पकडून हातोड्याने वाकवलं. उभ्या बाजू १०० ऐवजी १०३ आल्या. कोपरा गोल झाला आणि मधे पत्र्याला पोट आलं. रेघ तर बरोबर १०० वर होती, मग हे ३ मिमी आले कुठून?

दुसरा तुकडा कापण्याआधी विचारतोय. हाताने हे नीट होतं का? की यंत्राशिवाय नाद सोडावा?


अंबड_नाशिक

फॅब्रिकेशनवाला म्हणजे गेट-ग्रिलवाला असेल तर त्याच्याकडे वाकवायचं यंत्र नसतंच. किचन ट्रॉली बनवणारे शोध. स्टीलच्या ट्रॉल्या करणाऱ्यांकडे शिअरिंग आणि बेंडिंग, म्हणजे कापायचं आणि वाकवायचं, दोन्ही यंत्रं असतात. एसीचे डक्ट करणारेही चालतील, फक्त त्यांचं फोल्डिंग बहुतेक पातळ जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचं असतं, १.२ ला ते नको म्हणू शकतात, आधी विचारून घे. संध्याकाळी साडेसहानंतर जा, दिवसाचं काम आटोपलेलं असतं. कापून, भोकं पाडून, रेघा मारून तयार पत्रा हातात दिलास तर दोन वाक मारून द्यायला पाच मिनिटं लागतात. मी माझी तीन कॅबिनेटं अशीच करून घेतली. ‘मला डबा बनवून द्या’ म्हणालास तर कुणी उभं करणार नाही.


जुना_फिटर

बाळा, हाताने होतं आणि चांगलं होतं. मी भोसरीत पत्राकामात ३१ वर्षं काढली, त्यातली पहिली चार यंत्राला हात न लावता, बाकावर. तुझं माप कुठे गेलं ते आधी सांगतो.

पत्रा वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणते आणि आतली दबते. मधे एक थर असा असतो की जो ताणतही नाही आणि दबतही नाही. तो बरोबर मध्यावर नसतो, थोडा आतल्या बाजूला असतो, जाडीच्या साधारण ०.४ भागावर. तुझा पत्रा १.२ चा. वाकाची आतली त्रिज्याही १.२ धरू. मग ९० अंशाच्या एका वाकात किती पत्रा खर्च होतो? १.२ च्या ०.४ पट म्हणजे ०.४८, म्हणून १.५७ गुणिले (१.२ अधिक ०.४८), म्हणजे २.६४ मिमी. तू मात्र बाहेरून कोपऱ्यापर्यंत मोजतोस, तिथे दोन्ही बाजूंना मिळून ४.८ मोजलं जातं. फरक २.१६. एका वाकामागे एवढा पत्रा कमी कापायचा. दोन वाक आहेत, म्हणून ४०० नव्हे, ३९५.७.

आता तुझे ३ मिमी. तू रेघ १०० वर मारून तिथेच फळी लावलीस. पण वाक फळीच्या धारेपासून सुरू होतो आणि बाहेरचा कोपरा त्याच्याही पुढे, त्रिज्या अधिक जाडी एवढ्या अंतरावर येतो. फळीची धार दबून गोल झाली, त्रिज्या २ च्या आसपास गेली असणार, त्यात जाडी १.२ मिळवली की ३.२. तुला १०३ दिसले ते हेच. तुझी रेघ चुकलेली नाही, रेघेची जागा चुकली. त्रिज्या १.२ राखलीस तर पकडीची रेघ टोकापासून ९७.६ वर हवी. दोन रेघांमधलं अंतर २००.५ येईल. ९७.६, २००.५, ९७.६, बेरीज करून बघ.

माझ्या आकड्यावर विसंबू नकोस मात्र. त्याच पत्र्याची २५ मिमी रुंद, बरोबर १०० मिमी लांब पट्टी काप. ५० वर रेघ मार, पकडून वाकव, दोन्ही पाय बाहेरून कॅलिपरने मोज. बेरीज १०० च्या वर जितकी जाईल ती तुझी वजावट. पकडीतला पाय ५० च्या वर जितका गेला तितकी रेघ अलीकडे घ्यायची. तुझा पत्रा, तुझी पकड, तुझा हात, हे सगळं त्या एका पट्टीत येतं. पुण्यात असतास तर घरी बोलावून दाखवलं असतं.

आता पकड. सागवान चांगलं लाकूड असलं तरी पत्र्यापुढे दबतं, त्याने कोपरा गोलच होणार. लोखंडी ५० बाय ५० बाय ६ चा अँगल आण, ३५० मिमी लांब. त्याची एक बाजू टेबलावर आणि दुसरी टेबलाच्या कडेवरून खाली, असा स्क्रूने पक्का बसव. त्याच्यासमोर ५० बाय १० ची सपाट लोखंडी पट्टी, तेवढ्याच लांबीची. दोन्हींच्या टोकांना भोकं पाडून १० मिमीचे बोल्ट घाल, बोल्टांमधे ३०० चं अंतर ठेव म्हणजे तुझा २४० चा पत्रा मधून जाईल. पट्टीची वरची धार कानशीने अगदी थोडी गोल कर, आणि वरचा माथा पुढच्या बाजूला तीन-चार अंश उतरता घास. हा उतार विसरू नकोस. पत्रा ९० अंशांवर सोडला की दोन अंश मागे उसळतो, म्हणून ९२-९३ पर्यंत दाबायला जागा हवी.

पत्रा उभा घाल. शंभराची बाजू खाली पकडीत, बूड वर. रेघ पट्टीच्या माथ्याला डोळ्याने नाही, नखाने लाव. नख फिरवलं की पाव मिमीची पायरीसुद्धा लागते. बोल्ट आवळ, मधे एक सी-क्लँपही लाव, तुझ्या पत्र्याला मधेच पोट आलं ते मधे पकड नव्हती म्हणून. मग बूड आपल्या अंगाकडे ओढायचं. हातोडा थेट पत्र्यावर मारू नकोस. २४० लांबीचा बाभळीचा किंवा सागाचा ठोकळा रेघेच्या अगदी लगत धर आणि ठोकळ्यावर मार. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, एका फेरीत दहा-बारा अंश, मग पुन्हा पहिल्यापासून. लोकं टोकाला धरून ओढतात, मग पत्रा रेघेवर न वाकता वर कुठेतरी कमान घेतो.

दुसरा वाक घेताना आधी वाकवलेली बाजू पुढे, टेबलाच्या बाहेर खाली लोंबते, म्हणून सगळं टेबलाच्या कडेलाच हवं. दर्शनी बाजू दोन्ही वेळेला पकडीत किंवा हवेत राहते, तिला मार बसत नाही. तिच्यावरच तुझी नॉब आणि मीटरची भोकं असणार.

आणि झाकण आत्ता कापू नकोस. हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगत आलो. बूड वाकवून झालं की ते खरंच किती रुंद, किती उंच आलं ते मोज, त्यात अर्धा मिमी सैल धर आणि मग झाकणाचा पत्रा काप. कागदावरची मापं बुडासाठी, झाकणाची मापं बुडावरून.


सोल्डर_सांगली

काका, हे कुणीच असं सांगितलं नव्हतं. वर्कशॉपच्या तासाला आम्ही पत्र्याचं नरसाळं केलं होतं, पण वजावटीचा विषयच निघाला नाही. पट्टी करून बघतो. भोकं वाकवण्याआधी पाडायची की नंतर? मीटरचं चौकोनी भोक सगळ्यात अवघड वाटतंय.


जुना_फिटर

सपाट असतानाच, सगळी. वाकवल्यावर ड्रिलला टेकू मिळत नाही. फक्त भोकाची कड वाकाच्या फार जवळ नको, नाहीतर भोक ओढलं जाऊन अंडाकृती होतं. तुझ्या पत्र्याला कोपऱ्यापासून ५ मिमी सोडलेस तर पुरे.

भोकांआधी एक काम कर. पुठ्ठ्याचा डबा बनव, पूर्ण मापाचा. त्यात ट्रान्सफॉर्मर ठेव, पीसीबी ठेव, कपॅसिटर ठेव, पॉटला (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या फिरत्या रोधाला) नॉब लाव, पाना आत जातो का बघ. फ्यूज बदलायला बोटं शिरतात का बघ. एक संध्याकाळ जाते, पण पत्रा वाया जात नाही.

चौकोनी भोक: मीटर कॅलिपरने मोज, दुकानदाराच्या कागदावरचं माप घेऊ नकोस. दर्शनी बाजूचं चित्र कागदावर छापून पत्र्यावर चिकटव. छापल्यावर पट्टी लावून तपास, प्रिंटर कागदात बसवण्यासाठी चित्र गुपचूप लहान करतो. रेघेच्या आत दीड मिमी सोडून ३ मिमीची भोकं ओळीने पाड, मधलं पातळ छिन्नीने किंवा छोट्या करवतीने काढ, मग चपटी कानस. कानस मारताना पत्रा दोन लाकडी पट्ट्यांत रेघेच्या जवळ पकड, नाहीतर तो थरथरतो आणि कान किटतात. शेवटचा अर्धा मिमी मीटर हातात घेऊन, दर दहा घाशांनी लावून बघत. मीटर बोटाने दाबून बसावा, सैल पडू नये.

मोठ्या गोल भोकांना स्टेप ड्रिल घे. साधं ड्रिल पातळ पत्र्यात तिकोनी भोक पाडतं आणि पलीकडे निघताना पत्रा पकडून गरकन फिरवतं. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी हातात धरून पत्रा ड्रिल करत होतो. पत्रा फिरला, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या चामडीत घुसला, सात टाके पडले. तो वण आजही आहे. पत्रा कायम लाकडावर क्लँप कर. ड्रिलवर हातमोजे घालू नकोस, मोजा गुंडाळला जातो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पॉटच्या भोकाशेजारी त्याच्या छोट्या नाकासाठी वेगळं भोक पाडायला विसरू नकोस. नाहीतर सहा महिन्यांत नॉबबरोबर पूर्ण पॉट फिरायला लागतो आणि आतल्या तारा पिळवटतात.


रत्नागिरी_शॉर्टवेव्ह

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, अशर फरहान यांचा बिटएक्स ४० हा रेडिओ संच अॅल्युमिनियमच्या डब्यात घातलाय. ज्यांना जड ट्रान्सफॉर्मर बसवायचा नाही त्यांनी अॅल्युमिनियमचा विचार जरूर करावा. १.६ मिमी, म्हणजे १६ गेज. वरच्या मापाचा डबा सीआरसीत पावणेदोन किलोच्या आसपास होईल, अॅल्युमिनियमचा ८०० ग्रॅमच्या आत. कापायला सोपा, कानस भराभर चालते. कानशीत कण अडकतात, आधी खडू घासून घ्या.

फक्त दुकानात ‘कडक’ पत्रा घेऊ नका. ६०६१ सारखा कडक केलेला मिश्रधातू या छोट्या त्रिज्येला वाकावरच तडकतो. ११०० मऊ, ५०५२ मध्यम, दोन्ही नीट वाकतात. तुकडा घेताना दुकानदाराला कोपरा वाकवून दाखवायला सांगा, मी असंच करतो.

आमच्याकडे समुद्राची हवा. अॅल्युमिनियमला स्टीलचे स्क्रू लावले की पावसाळ्यानंतर स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसते आणि तिथला संपर्क जातो. माझ्या डब्याचं झाकण आणि बूड असे एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने सुटे झाले होते. रिसीव्हरमधे डिजिटल व्हीएफओचा (स्टेशन लावणाऱ्या सर्किटचा) टिकटिक आवाज येऊ लागला, मी आठ दिवस सर्किटमधे शोधत होतो. दोष झाकणाच्या चार स्क्रूंखाली होता. आता स्क्रूखालची जागा सँडपेपरने चकचकीत करून ग्रीस लावून आवळतो, दर दिवाळीला एकदा उघडून बघतो. सांगलीत हा त्रास कमी, पण रंग दिलेल्या डब्यात हाच प्रश्न रंगामुळे येतो, म्हणून लिहिलं.


खर्ज_नागपूर

सोल्डर_सांगली, तुझी हीटसिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा पंखांचा धातूचा ठोकळा) कुठे आहे? हे डब्याच्या मापाआधी ठरव. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, फिल्टरनंतर लोडवर सुमारे ३० व्होल्ट धर. तू बाहेर ५ व्होल्ट ३ अँपिअर घेतलेस की उरलेले २५ गुणिले ३, म्हणजे ७५ वॅट दोन ट्रान्झिस्टरांत जळतात. एवढी उष्णता बंद डब्यात ठेवलीस तर कपॅसिटर भाजतील. हीटसिंक मागच्या बाजूला बाहेर, पंख उभे. बुडाला आणि झाकणाला ४ मिमीच्या भोकांच्या ओळी, खालून गार हवा आत, वरून गरम बाहेर. खाली रबरी पाय दे, नाहीतर बुडाची भोकं टेबलावर बंदच होतात.

आणि २एन३०५५ चं धातूचं अंग म्हणजेच त्याचा कलेक्टर. तिथे फिल्टरचा पूर्ण पॉझिटिव्ह असतो. अभ्रकाची चकती आणि स्क्रूभोवती इन्सुलेशनचा बुश घातल्याशिवाय तो पत्र्याला किंवा हीटसिंकला लावायचा नाही. ती चकती कागदाइतकी पातळ असते. भोकाच्या काठावर जरा बर (ड्रिलने उठलेली धारदार कड) राहिली की चकतीला टोचते. पहिल्या दिवशी सगळं ठीक असतं, स्क्रू तापून-निवून हळूहळू बसतो, आणि एक दिवस बर आरपार. प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंना मोठं ड्रिल हाताने दोन वेढे फिरवून बर काढ आणि करंगळीच्या टोकाने चाचपून बघ. मग मल्टीमीटरने ट्रान्झिस्टर आणि पत्रा यांत काहीच जोड नाही ना ते तपास. वीज देण्याआधी.

मी एलएम ३८८६ आयसीचे ऑडिओ अँप बनवते. टोरॉइड, म्हणजे कड्यासारख्या गोल गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, वापरणाऱ्या सगळ्यांसाठी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण मी ती फार महागात शिकले. टोरॉइड मधोमध एका बोल्टने बुडाला बसतो. माझ्या पहिल्या डब्यात झाकण बसवल्यावर ते त्या बोल्टच्या माथ्याला टेकलं. स्विच टाकला, ट्रान्सफॉर्मर घुमला, फ्यूज गेला. झाकण काढलं, नवा फ्यूज टाकला, सगळं शांत. झाकण लावलं की पुन्हा तेच. तीन फ्यूज गेल्यावर कळलं. बोल्ट, झाकण, बाजू, बूड आणि परत बोल्ट, असा गाभ्यातून जाणारा धातूचा एक पूर्ण वेढा तयार झाला होता. ट्रान्सफॉर्मरसाठी तो शॉर्ट केलेला एक फेरा. व्होल्टेज एका व्होल्टहूनही कमी, पण पत्र्याचा रोध नगण्य, म्हणून करंट प्रचंड. बोल्ट फक्त एका टोकाला पत्र्याला लागला पाहिजे. वर निदान १० मिमी मोकळे ठेवा, आणि झाकण दाबल्यावर ते किती लवतं तेही मोजा.

तुझा ईआय आहे, त्याला हा धोका नाही. पण पुढचा डबा करशील तेव्हा आठव.


सोल्डर_सांगली

पट्टी झाली. अँगल आणि सपाट पट्टी भंगारवाल्याकडे मिळाली, टेबल माझ्या चुलत्यांच्या गोठ्यातलं जुनं शिसवी. पकडीतला पाय ५२.९ आला, दुसरा ४९.५. बेरीज १०२.४. म्हणजे माझी वजावट २.४, आणि रेघ ९७.१ वर. एकूण लांबी ३९५.२, मधलं अंतर २०१. बरोबर ना?

हीटसिंक आत ठेवणार होतो, आता मागे बाहेर. पुठ्ठ्याच्या डब्यात कळलं की मोठा कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरला चिकटतोय, म्हणून पीसीबी आडवा ठेवण्याऐवजी उभा केला.

दोन प्रश्न राहिले. झाकणाचे स्क्रू कशात आवळायचे? १.२ च्या पत्र्यात थेट आटे पाडले तर चालेल? आणि अर्थिंग नेमकं कुठे जोडायचं?


जुना_फिटर

आकडे बरोबर. तुझी त्रिज्या १.७ च्या आसपास पडली, पट्टीची धार जरा जास्त गोल घासलीस. बिघडलं काही नाही, तीच धार ठेव, आता बदललीस तर पट्टी पुन्हा करावी लागेल.

एम ३ चा आटा ०.५ मिमीच्या अंतराचा. १.२ च्या पत्र्यात अडीच आटे बसले. चार वेळा उघड-बंद केलं की सोलून निघतात. बुडाच्या दोन्ही उघड्या कडांना १२ बाय १२ बाय ३ चा अॅल्युमिनियम अँगल पॉप रिवेटने बसव. ३ मिमीत सहा आटे मिळतात. २.५ चं ड्रिल, मग एम ३ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार). टॅपला रॉकेलचे दोन थेंब, अर्धा वेढा पुढे आणि पाव वेढा मागे. टॅप तुटला तर तो निघत नाही, घाई करू नकोस. झाकणाची भोकं आधी पाडायची नाहीत. झाकण चढव, कोन बघ, मग झाकणातून अँगलवर खूण उतरव.

आता अर्थिंग, आणि हे शब्दाशब्दाने वाच. मेन्सची तार जिथून आत येते तिच्या शेजारी, बुडाला, स्वतंत्र ४ मिमीचा बोल्ट. हा बोल्ट दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली अर्थची तार अडकवलेली मी पुष्कळदा बघितली आहे. कुणी ट्रान्सफॉर्मर बदलायला तो बोल्ट सोडतो आणि डबा अर्थविना राहतो. बोल्टभोवती रुपयाच्या नाण्याएवढा पत्रा चकचकीत घास. मग दातेरी वॉशर, त्यावर तारेच्या टोकाला दाबून बसवलेला गोल लग (भोकाची धातूची कडी), पुन्हा दातेरी वॉशर, नट, आणि वर दुसरा नट. हिरवी-पिवळी तार बाकीच्या तारांपेक्षा थोडी लांब ठेव. कधी वायर ओढली गेली तर लाइन आधी सुटावी, अर्थ सगळ्यात शेवटी. झाकणालाही तशीच वेगळी तार दे, स्क्रूंवर भिस्त ठेवू नकोस. रत्नागिरीच्या मित्राने लिहिलंय ते खरं आहे.

झाल्यावर प्लगच्या अर्थ पिनपासून झाकणापर्यंत रोध मोज. मल्टीमीटरच्या दोन तारा आधी एकमेकींना टेकव, तो आकडा वजा कर. जे उरेल ते जवळजवळ शून्य हवं. अर्धा ओहम दिसला तरी पुन्हा उघड.

रंग: पावडर कोटिंगवाल्याकडे जा, पण त्याच्याकडे काळा रंग चालू असेल त्या दिवशी जा, एका नगासाठी तो गन साफ करणार नाही. त्याच्या फेरीबरोबर तुझा डबा टांगून देईल. जाण्याआधी अर्थच्या जागा आणि आटे झाकायला सांग, उष्णतेला टिकणारी हिरवी टेप त्यांच्याकडे असते. भट्टी १८० ते २०० अंशांची, म्हणून रबर-प्लास्टिक सगळं काढून ने. अॅल्युमिनियमचा अँगल रिवेटसकट चालेल का ते त्यांना विचार, त्यांच्या आम्लाच्या टाक्या लोखंडासाठी असतात. मी असतो तर अँगल रंगानंतर बसवला असता. आणि थर ६० ते १०० मायक्रॉनचा बसतो, तो भोकाच्या दोन्ही बाजूंनी, म्हणून नेमकं बसणारं भोक रंगानंतर घट्ट होतं. मीटरचा चौकोन आत्ता किंचित सैल ठेव.


सोल्डर_सांगली

काल रात्री साडेअकराला झालं. बूड २००.५ खोल, उंची पुढे १००, मागे ९९.८. झाकण बुडावरून मोजून कापलं, वरून ठेवलं आणि तळव्याने दाबलं तर हवा दाबत हळूहळू खाली बसलं. मी ते पाच-सहा वेळा नुसतंच काढलं आणि बसवलं. मधे पोट नाही, टेबलावर चारही कोपरे टेकतात.

डाव्या ट्रान्झिस्टरच्या भोकाला पलीकडून बर राहिली होती, डोळ्यांना दिसत नव्हती, करंगळीला लागली. नागपूरच्या ताई, तुमच्यामुळे.

रंग अजून दिलेला नाही, कोटिंगवाल्याकडे काळ्याची फेरी गुरुवारी आहे. अर्थ पिन ते झाकण: तारा वजा करून मीटर ०.० दाखवतोय. सकाळी आईला बोलावून दाखवलं, मग तिच्यासमोरच प्लग लावला. ५ व्होल्टवर ३ अँपिअरचा लोड देऊन तासभर चालवला. हीटसिंकवर हात ठेवता येत नाही इतकी तापते, डब्याची दर्शनी बाजू मात्र गार आहे.


खर्ज_नागपूर

हात ठेवता येत नाही म्हणजे ६० अंशांच्या वर गेली असणार. पूर्ण करंटवर तासभर चालल्यानंतर ठीक आहे, पण उन्हाळ्यात सांगलीत खोलीच ४० ला जाईल. रंगाला देण्याआधी मागच्या बाजूला ८० मिमीच्या पंख्याची चार भोकं आणि गोल खिडकी आत्ताच पाडून ठेव. पंखा नंतर घे.


सोल्डर_सांगली

हो ताई. पुठ्ठ्याच्या डब्यावर खूण करून बघितली, हीटसिंकच्या उजवीकडे नेमकी जागा आहे. बुधवारी पाडतो.